चुकलेली रेघ राहू दे

२०२४ सालची दिवाळी आठ दिवसांवर आली होती. घरोघर जळमटे काढण्याचा, पितळेचे डबे घासण्याचा आणि वर्षभराची रद्दी विकण्याचा तो हंगाम. अचलपुरात या दिवसांत रद्दीवाल्यांच्या हातगाड्या सकाळपासूनच गल्लीबोळांतून फिरू लागतात. कॉलेजला निघालेला मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी अशाच एका गाडीपाशी थबकलो. तराजूच्या एका पारड्यात वजने होती आणि दुसऱ्यात काळ्या पुठ्ठ्याच्या पाच जाडजूड वह्या. वाऱ्याने वरच्या वहीचे पान उलटले, आणि मला आमच्या गावचा दुल्हा दरवाजा दिसला.

छापलेला नव्हे, फोटोतलाही नव्हे, पेन्सिलीने काढलेला. कमानीची डावी बाजू तीन वेळा काढली होती. पहिली रेघ जरा सरळ झालेली, दुसरी जरा जास्तच वाकलेली, तिसरी नेमकी. पण तिसरी साधली म्हणून पहिल्या दोघींना कोणी हाकलून दिले नव्हते. तिघीही एकमेकींना खेटून उभ्या होत्या. हा हात मी ओळखत होतो. तीस वर्षांपूर्वी याच हाताने माझ्या डोक्यात टपली मारली होती.

"घेता का साहेब?" रद्दीवाला म्हणाला. "चित्रं हायेत जी, पन रंगबिंग काई नाई त्यायले."

मी वह्या घेतल्या. आधीच्या पंधरा-वीस वह्या आदल्या दिवशीच गेल्या होत्या. कुठे, ते त्यालाही सांगता येईना. रद्दीची वाट कोणाला ठाऊक असते?

त्या वह्या आमच्या ड्रॉइंगच्या सरांच्या. सर २०२१ साली गेले. मुलगा पुण्याला नोकरीत; इथले घर विकायला काढलेले. घर रिकामे करताना माणूस भांडी मोजतो, कागद मोजत नाही. मला त्या मुलाचा राग आला नाही, कारण राग येण्याचा मला अधिकारच नव्हता. का नव्हता, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे.

'कच्ची हायेत म्हनूनच त आनली'

२००९ साली आमच्या कॉलेजच्या वार्षिकांकाचे संपादन माझ्याकडे होते. नवा उत्साह होता. एके दिवशी सर स्टाफरूममध्ये आले. निवृत्त होऊन त्यांना काही वर्षे झाली होती. बगलेत अशीच एक काळी वही. म्हणाले, "पाह्य, तुह्या अंकात दोन-चार पानांची जागा हाय का?"

मी वही चाळली. आठवडी बाजार, नदीवरचे धोबी, संत्र्यांच्या पेट्या भरणारे हात, परतवाड्याच्या डेपोतले सागाचे ओंडके. सगळे काळ्या रेघांत. कित्येक चित्रे अर्धीच सोडलेली. मी मोठ्या आदबीने म्हटले, "सर, ही तर कच्ची चित्रे आहेत. एखादे पुरे केलेले, रंगीत असेल तर आपण मुखपृष्ठावरच घेऊ."

सर हसले. "कच्ची हायेत म्हनूनच त आनली," एवढेच म्हणाले, आणि चहा घेऊन गेले. पुढे बारा वर्षे रस्त्यात, लग्नाकार्यात, बँकेच्या रांगेत आमच्या भेटी होत राहिल्या. वहीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही.

गेले वर्षभर ते एक वाक्य मला स्वस्थ बसू देत नाही. मी मराठीचा माणूस. चित्रकलेतले मला कळते असा माझा दावा नाही. पण सरांनी 'म्हणूनच' हा शब्द उगाच वापरला नसेल, एवढे व्याकरण मला कळते. तेव्हा पुस्तके आणली, दोन-तीन प्रदर्शने मुद्दाम जाऊन पाहिली, जाणत्यांना छळले. आणि हळूहळू उमगले ते असे, की ज्याला मी 'कच्चे' म्हणून परत पाठवले, तेच आजच्या चित्रकलेत स्वतःच्या पायांवर उभे राहिलेले आहे.

रेषेची चाकरी

फार काळपर्यंत रेषेने रंगाच्या घरी चाकरी केली. आधी यायचे, जागा झाडून आखून ठेवायची, आणि धनी आला की निमूट त्याच्या पाठीमागे लपायचे. आमच्या वऱ्हाडाच्या शेजारच्या अजिंठ्याचीच गोष्ट घ्या. तिथे भिंतीवर मातीचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ हात, त्यावर तांबड्या रेषेने आकृती, मग रंग, आणि शेवटी पुन्हा रेषेचा फेर. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहून आपण रंगाने भारावतो. पण त्याची झुकलेली भुवई, खांद्याचा उतार, कमळ धरलेली बोटे ही सारी रेषेची करणी. रंग जिथे झिजला आहे तिथे आजही डोळा रेषेच्या आधारानेच आकृती जुळवतो. धनी निघून गेला, चाकर घर सांभाळून आहे!

या लेण्यांच्या नकलांची कहाणी तर कोणालाही चटका लावील. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामी नेमले. पुढली कित्येक वर्षे तो माणूस तिथे राबला. त्याची चित्रे लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती; १८६६ च्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीच. १८८५ पर्यंत हे काम चालले, आणि त्याच साली लंडनमधल्या दुसऱ्या आगीत त्यांच्याही पुष्कळ चित्रांची राख झाली. उरल्यासुरल्या सामग्रीवर ग्रिफिथ्सचे मोठे पुस्तक १८९६ साली निघाले.

चित्रे दोनदा जळली. पण लेण्यात बसून ज्या पोरांनी ती रेषा आपल्या हाताने गिरवली, त्यांच्या हातांतून ती कोणत्याही आगीला काढून घेता आली नाही. मराठी मुलखात पुढे जी चित्रकारांची पिढी घडली, तिच्या पायात हे गिरवणे आहे. रेखाटन कागदावर उरते ते थोडे. काढणाऱ्याच्या नजरेत उरते ते अधिक.

इथे माझ्या विषयातले एक निरीक्षण नोंदवू द्या. मराठीत आपण चित्र 'काढतो', रांगोळी 'काढतो', विहिरीतून पाणी 'काढतो' आणि जुनी आठवणही 'काढतो'. जे आत आहेच ते बाहेर आणायचे, असा या क्रियापदाचा सूर आहे. रंग मात्र आपण 'भरतो' किंवा 'देतो', म्हणजे तो बाहेरून येतो. ज्यांनी ही भाषा घडवली त्यांना रेषा आणि रंग यांतला फरक आमच्यापेक्षा बरा कळत असावा.

आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर आमच्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला चला. महानुभावांचे हे ठाणे. २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठही तिथेच सुरू झाले. म्हाइंभटांचे तेराव्या शतकातले 'लीळाचरित्र' उघडून पाहा. एकेक लीळा म्हणजे चार-सहा वाक्यांचे शब्दरेखाटन. स्वामी कुठे होते, कोण आले, काय बोलले, आणि संपले. वर्णनाचा रंग भरलेला नाही. म्हणून तर सातशे वर्षांनंतरही ती माणसे दारात उभी असल्यासारखी वाटतात. मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथाने झाला त्याला मी वर्गात 'अभिजात' म्हणून शिकवतो, आणि सरांच्या वहीला 'कच्ची' म्हणतो! शहाणपण शहाणपण म्हणतात ते हेच.

सरळ रेघेचे वेड

चाकरी सोडून स्वतंत्र झालेली रेषा पाहायची तर नसरीन मोहमदी यांच्यापासून सुरुवात करावी. जन्म १९३७, कराचीचा, वाढल्या मुंबईत, शिकल्या लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत, १९७२ पासून बडोद्याच्या विद्यापीठात शिकवू लागल्या, आणि १९९० साली अलिबागजवळच्या किहीमला, समुद्राकाठी, वारल्या. त्यांची प्रसिद्ध चित्रे पाहून प्रथम माणूस गोंधळतो. पांढरा कागद आणि त्यावर शाईच्या व पेन्सिलीच्या सरळ रेघा. माणूस नाही, झाड नाही, रंग नाही. बहुतेक चित्रांना नाव नाही, तारीखही नाही.

मी त्यांच्या चित्रांचे पुस्तक आमच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवले. ते म्हणाले, "अहो, ही तर माझ्या पोरांची प्रॅक्टिकलची जर्नले! मग यांना तरी मार्क कमी का देऊ?"

मी म्हटले, "एक मिनिट घड्याळ लावून पाहा."

त्यांनी पाहिले. काही वेळाने चष्मा काढून म्हणाले, "ही रेघ इथे दाट आहे, आणि इकडे येता येता... संपते कुठे?"

तोच तर त्या चित्राचा जीव आहे. रेघ क्षितिजासारखी विरत जाते. भरतीचे पाणी ओसरताना वाळूवर ज्या खुणा राहतात त्या पाहिलेल्या माणसाला ती रेघ परकी वाटत नाही. आणि यातला सर्वांत मोठा भाग पुढेच आहे. अखेरच्या वर्षांत नसरीनबाईंना मज्जासंस्थेचा विकार जडला. हातापायांवरचा ताबा सुटत चालला. अशा हाताने त्यांनी त्या केसाएवढ्या रेघा ओढल्या. जिवंतपणी त्यांचे नाव मोजक्या लोकांना ठाऊक होते. २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आधुनिक कलेसाठी वेगळी इमारत उघडली, तेव्हा आरंभीच्या प्रदर्शनांत त्यांच्या या रेघा मांडल्या.

'कुणीही चार रेघोट्या माराव्यात आणि तिला कला म्हणावे, असेच ना?' हा प्रश्न वाचकांच्या ओठांवर आला असेल, तर त्याचे उत्तर या हातात आहे. रंगाने चूक झाकता येते. रेघेला झाकायला पांघरूणच नसते.

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांची वाट निराळी. कोकणातल्या नागावचा हा माणूस. पान, घड्याळ, फळ अशा रोजच्या वस्तूंना त्यांनी बारीक रेषेत बांधले आणि सपाट रंगाच्या मोकळ्या जागेत सोडून दिले. १९९० साली त्यांचे 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक आले. चित्रकाराने चित्रकलेविषयी मराठीत इतके निवांत, इतके खोल लिहिल्याची उदाहरणे थोडी. वर्षानुवर्षे ते डायऱ्या लिहीत, आणि तिथे शब्दाच्या शेजारी रेखाटन सहज येऊन बसे. विचार कुठे संपला आणि रेघ कुठे सुरू झाली, हे सांगणे कठीण. रेखाटन हा त्यांच्यापुरता विचार करण्याचाच एक प्रकार होता.

आणि तिसरे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८), डहाणूकडचे वारली. वारल्यांची चित्रे पूर्वी लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर स्त्रिया काढीत. तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ आणि त्रिकोण, वर्तुळ, चौकोन एवढीच सामग्री. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी तिथे पोचले, त्यांनी कागद दिले, आणि जिव्यांनी भिंतीवरली रेषा कागदावर आणली. १९८९ साली पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रातली मासेमारीची जाळी पाहा. हजारो बारीक रेघा, आणि सगळे जाळे वाऱ्यावर फुगल्यासारखे हलते.

यातली एक गंमत मला विशेष वाटते. १९६७ साली रिचर्ड लाँग नावाचा इंग्रज विद्यार्थी एका गवताळ मैदानात सरळ येरझारा घालत राहिला. गवत दबून एक रेघ उमटली. त्याने तिचा फोटो काढला. तेच त्याचे चित्र. हा विद्यार्थीही सेंट मार्टिन्सचाच. हाच लाँग पुढे जिव्यांच्या मुलखात आला, आणि २००३ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात दोघांचे एकत्र प्रदर्शन भरले. पायांनी रेघ ओढणारा एक, हातांनी ओढणारा दुसरा. भाषा एकमेकांची येत नाही, रेघ मात्र येते. आमच्या मेळघाटात चिखलदऱ्याच्या चढावरून खाली पाहिले की कोरकूंच्या पायवाटा दिसतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चालण्याने डोंगरावर उमटलेल्या त्या रेघाच. आम्ही त्यांना वाट म्हणतो, एवढेच.

उंबऱ्यापुढचे चित्र

हे सगळे साहेबी खूळ आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने आपल्या उंबऱ्याबाहेर पाहावे. दिवाळीचे दिवस आहेत. रांगोळी काढलेली असेलच.

अमेरिकेत सोल लेविट नावाचा एक चित्रकार होऊन गेला. १९६८ साली न्यूयॉर्कच्या एका चित्रदालनात त्याने थेट भिंतीवर पेन्सिलीने रेघा काढल्या. पुढे त्याने अशी हजारावर भित्तिचित्रे रचली, पण पुष्कळदा स्वतः हात लावला नाही. तो फक्त कृती लिहून द्यायचा: अमक्या बिंदूपासून तमक्या बिंदूपर्यंत रेघ, इतके अंतर, इतक्या दिशा. ती वाचून दुसरे लोक चित्र काढायचे, आणि प्रदर्शन संपले की भिंतीवर रंगाचा हात फिरायचा. चित्र गेले, कृती राहिली; पुन्हा दुसऱ्या भिंतीवर काढता येते. कलेच्या जगात यावर केवढी चर्चा झाली! चित्र म्हणजे वस्तू की कल्पना?

मी हे घरी वाचून दाखवले. सौभाग्यवती चकल्यांच्या पिठात हात घालून बसल्या होत्या. म्हणाल्या, "यात नवीन काय? पंधरा ठिपके, एक सोडून एक, आठपर्यंत. आमच्या रांगोळीच्या पुस्तकात दुसरं काय असतं?"

मला उत्तर सुचले नाही. खरोखरच, ठिपक्यांची रांगोळी म्हणजे लिहून ठेवलेली कृती. ती कोणी रचली ते ठाऊक नाही, काढणारी दररोज निराळी, आणि संध्याकाळपर्यंत पायांनी, वाऱ्याने, पोरांच्या चक्रांनी पुसली जाते. दुसऱ्या दिवशी सडा टाकून पुन्हा. पुसले जाणार म्हणून कोणी बाई रांगोळी कधी वाकडी काढीत नाही. काढण्याचे समाधान काढण्यातच असते. लेविटची थोरवी कमी करण्याचा माझा हेतू नाही. एवढेच म्हणणे, की नव्या कलेला जे मोठ्या वळणाने सापडले ते आमच्या अंगणात होते, आणि आम्ही त्याला कला म्हणायचे विसरलो होतो.

खोडण्याची गोष्ट

आता सरांच्या वर्गात येऊ. १९९४ साली मी आठवीत होतो आणि एलिमेंटरीला बसलो होतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. टेबलावर मातीचा माठ, तांब्या आणि एखादे वांगे. आम्ही पोरे रेघ काढत असू आणि खोडत असू. माझा कागद तर खोडून खोडून ढगाळ होई. सर मागून येत आणि टपली बसे.

"अबे, तो रबर ठेव खिशात! चुकलेली रेघ राहू दे. तिच्याच बाजूले बरोबर काढ. चुकलेली दिसलीच नाई, तं बरोबर कोन्ती ते कसं समजन?"

आम्हाला वाटे, सरांचा हा लहरीपणा. परीक्षेत तर स्वच्छ काम लागते. घरी येऊन मी पुन्हा खोडत असे.

परवा रॉबर्ट रॉशेनबर्गची हकिकत वाचली तेव्हा ही टपली पुन्हा आठवली. १९५३ साली हा तरुण चित्रकार न्यूयॉर्कमधल्या विलेम डी कूनिंग या नामांकित चित्रकाराकडे गेला आणि म्हणाला, 'तुमचे एक रेखाटन द्या, मला ते खोडायचे आहे.' डी कूनिंगला ते आवडले नाही. पण त्याने विचारपूर्वक असे रेखाटन निवडून दिले की जे सहज खोडले जाणार नाही. रॉशेनबर्गने कित्येक दिवस घासून घासून ते पुसले. तो जवळजवळ कोरा कागद आज सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आहे. आणि नीट पाहिले तर जुन्या रेघांचे वण त्यावर अजून दिसतात. रबर हरला!

दक्षिण आफ्रिकेच्या विल्यम केंट्रिजने तर या वणांचेच चित्रपट केले. कोळशाने एक मोठे चित्र काढायचे, त्याचा फोटो घ्यायचा, थोडे खोडून थोडे बदलायचे, पुन्हा फोटो. १९८९ पासून त्याने असे छोटे चित्रपट काढले. त्यांत माणूस चालतो तेव्हा त्याच्या मागे खोडलेल्या माणसाची धुरकट सावली राहते. ज्या देशात वर्णद्वेषाच्या राजवटीने माणसेच खोडून टाकण्याचा उद्योग केला, तिथल्या चित्रकाराने सांगितले की खोडलेलेही दिसत राहते.

आजच्या कलेत रेखाटनाला मान का, याचे कारण मला इथे सापडले. पुरे झालेले चित्र आपल्याला निकाल सांगते. रेखाटन सगळा खटला ऐकवते. हात कुठे अडखळला, डोळ्याने कुठे पुन्हा पाहिले, कोणती गोष्ट सोडून दिली, हे सर्व कागदावर उघडे असते. जगात सफाईदार चित्रांचा आता पूर आला आहे. खिशातला फोन दिवसाला शंभर फोटो काढतो. संगणकाला वाक्य सांगितले की तो रंगीत चित्र हजर करतो. अशा काळात चुकलेली रेघ ही माणूस तिथे बसला होता याची साक्ष ठरते.

काळ्या रेषेचे ऋण

दिवाळी अंकाच्या वाचकाला तर हे परके वाटू नये. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मासिक मनोरंजना'ने दिवाळी अंकाची चाल पाडली, आणि तेव्हापासून आपण दर दिवाळीला चित्रे पाहत आलो. दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' काढला. त्यांची रंगीत मुखपृष्ठे घरोघरी जपून ठेवली गेली. पण आतल्या पानांवरील काळी रेषा? कथेच्या कोपऱ्यात बसलेली, शीर्षकाला टेकून उभी असलेली? तिचे नाव आपण कितीदा वाचले?

वसंत सरवटे (१९२७–२०१६) पेशाने इंजिनियर. जयवंत दळवींच्या 'ठणठणपाळ'ला आपण ओळखतो तो सरवट्यांच्या रेषेने; पुलंच्या पुस्तकांतली किती तरी माणसे आपल्या डोळ्यांपुढे त्यांच्याच रेषेत उभी राहतात. शि. द. फडणीसांनी तर हास्यचित्राखालचा मजकूरच काढून टाकला. रेषा एकटीच बोलू लागली, आणि गणिताच्या पाठ्यपुस्तकातली वजाबाकीसुद्धा पोरांना हसवू लागली. ठाण्याचे सुधीर पटवर्धन क्ष-किरणांचे डॉक्टर. शरीराच्या आतले पाहायची सवय झालेल्या या डोळ्यांनी लोकलमधल्या, रस्त्यावरल्या कष्टकरी माणसांची रेखाटने केली, आणि त्यांतून त्यांची मोठी चित्रे उभी राहिली. आपल्या साहित्याने या रेषेचे पुष्कळ उधार घेतले आहे. परतफेडीची नोंद मात्र आपल्या वहीत सापडत नाही. माझ्या तर नाहीच.

पाच वह्या

आता त्या वह्यांत काय आहे ते सांगतो.

परतवाड्याच्या बाजारात टोपलीवर हनुवटी टेकून बसलेली कोरकू म्हातारी आहे. मेळघाटातला मुंडा आहे. मुंडा म्हणजे कोरकू आपल्या मृतांच्या स्मरणार्थ उभारतात ती कोरीव लाकडी फळी. तिच्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार असतात. सरांनी घोडा चार वेळा काढला आहे. कोरणाऱ्याच्या पटाशीचा जोर पेन्सिलीत उतरेपर्यंत काढला आहे. गावाबाहेरच्या हौज कटोऱ्याचा अष्टकोनी मनोरा आहे, एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसात.

आणि शकुंतला आहे. मूर्तिजापूर ते अचलपूर ही आमची नॅरोगेज गाडी १९१३ पासूनची. मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावले. मग डिझेल आले. पुढे गाडीही बंद पडली. त्या इंजिनाचे फोटो पुष्कळ आहेत. पण सरांच्या पानावर इंजिन दहा-बारा रेघांतच आटोपले आहे. सगळी मेहनत खिडकीत टेकलेल्या ड्रायव्हरच्या कोपरावर घेतली आहे. कोपर, गुंडाळलेली बाही, लोंबणारा पंजा. खाली लिहिले आहे, 'एप्रिल १९९४'. कॅमेऱ्याने इंजिन पाहिले. सरांनी आता उद्यापासून काय करायचे याचा विचार करणारा माणूस पाहिला. रेखाटन म्हणजे काय पाहायचे याची निवड, ही गोष्ट त्या कोपराइतकी कोणत्याही पुस्तकाने मला समजावली नाही.

आमची मुलगी यंदा आठवीत आहे, एलिमेंटरीला बसली आहे. इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीत वाढीव गुण मिळू लागल्यापासून परीक्षेला पोरांची कमतरता नाही. गुण मिळावेत, मला आनंदच आहे. पण पुष्कळ शाळांत चित्रकलेच्या तासाला गणिताचा जादा तास होतो, आणि परीक्षेच्या आधी महिनाभर तयार चित्रे गिरवून घेतली जातात. माठाकडे कोणी पाहत नाही. माठाच्या चित्राकडे पाहतात. अशाने हात सुटेल, डोळा मात्र मिटलेलाच राहील.

परवा ती टेबलाशी बसून तांब्या काढत होती. मी सरांची चौथी वही चाळत होतो. ही वही गावाची नव्हे, वर्गाची निघाली. बाकावर झोपलेला पोरगा, शिसपेन्सिलीला टोक करणारी बोटे, खिडकीबाहेर पाहणारी मुलगी. आम्ही चित्र काढीत असू तेव्हा सर आमची चित्रे काढीत होते, हे आम्हाला कधी कळलेच नाही.

एका पानावर एक मुलगा कागदावर पार वाकला आहे. उभे केस, एका बाजूला दुमडलेली कॉलर, जीभ किंचित बाहेर. उजवा हात घासण्यात गुंतलेला आहे. त्या हाताची रेघ तीन वेळा काढली आहे. दोन चुकलेल्या, एक बरोबर. खाली सरांचे अक्षर: 'आठवी ब, तिसरा बाक. खोडतोय. ऑगस्ट १९९४.'

तिसरा बाक माझा होता.

या वर्षी आमच्या वार्षिकांकात आठ पाने काळ्या रेघांची येत आहेत. रंग नाही, अर्धी चित्रे अर्धीच आहेत. पाहायला सर नाहीत. सोळा वर्षांचा उशीर खोडता येत नाही, आणि आता मला तो खोडायचाही नाही.

मुलीने विचारले, "बाबा, तांब्याचा गळा वाकडा आला. रबर कुठे ठेवलात?"

मी म्हटले, "राहू दे ती रेघ. तिच्या बाजूला दुसरी काढ."